एकशे साठ अंश

एकतीस वर्षं मी भोसरीत भट्टीवर होतो.
गिअर लाल करायचे, नऊशे अंशांपर्यंत,
आणि तेलात सोडायचे.
भुस्स. धूर. डोळ्यांची चुरचुर.
सुलभा विचारायची, नक्की काय करता हो तुम्ही?
लोखंडाला पाणी देतो, म्हणायचो.
तेल म्हटलं असतं तर तिनं आणखी विचारलं असतं.

आता घर विश्रांतवाडीत. काम तेच,
फक्त आकडा खाली आलाय:
एकशे साठ.
ह्याला आमच्याकडे कुणी भट्टी म्हटलं नसतं.
एवढ्यावर आम्ही जेवणाचे डबे गरम करायचो.

तरी पहिला लॉट जळाला.
दुसरा पसरला, सोळा बिस्किटांची मिळून एकच भाकरी.
तिसरा मला बरा वाटला होता.
सुलभा म्हणाली, ह्यानं खिळा ठोकता येईल.

तूप घट्ट हवं, पांढरं होईस्तोवर फेटायचं.
अर्धी वाटी तूप, तेवढीच पिठीसाखर,
वाटीभर कणीक,
घरात शुगर असेल तर थोडी नाचणी,
म्हणजे खाताना अपराधी वाटत नाही.
वेलची. मीठ चिमूटभर.
आणि पाणी नाही.
थेंबही नाही.
मी दोनदा विचारून घेतलं.
जन्मभर पाणी देत आलेल्या माणसाला
हे पटायला वेळ लागतो.
पीठ मुठीत दाबायचं, ते आपोआप धरलं पाहिजे.
नाही धरलं तर चमचाभर तूप.
पाणी नाही.

आज गुरुवार.
भोसरीची सुट्टी. मी अजून बुधवारी रात्री
उगाचच खुशीत असतो.
चारुता निहारला घेऊन आली.
त्यानं गोळ्यांवर काट्यानं रेघा ओढल्या,
एका बिस्किटाला डोळे केले, एकाला नुसतंच नाक.
ट्रे आत गेला.
अकराव्या मिनिटाला वीज गेली.
गुरुवार. देखभाल-दुरुस्ती. विसरलोच.

कारखान्यात वीज गेली की पळापळ,
जनरेटर, शिव्या,
आणि अख्ख्या लॉटवर लाल खडूची फुली.
मी उठलो. मी दाराच्या मुठीला हात लावला.
आजोबा, उघडू नका, निहार म्हणाला,
ऊब पळून जाईल.

मला हे कळायला दोन फोरमन लागले होते.

मग थांबलो चौघंही, ओट्यापाशी.
पंखा बंद. समोरच्या इमारतीतलं ड्रिल बंद.
वेलचीचा वास तेवढा चालू.
चारुता म्हणाली,
बाबा, तुम्ही कँटीनमधली बिस्किटं आणायचात,
खिशातून, कागदात गुंडाळून.
दोन. एक मला, एक दादाला.
त्यांना भट्टीच्या तेलाचा वास यायचा.
मी म्हटलं, अरे, मला माहीतच नव्हतं.
आम्हाला तरी कुठे, ती म्हणाली,
आम्हाला वाटायचं, बिस्किटाला तोच वास असतो.
हॉस्टेलवर कुणीतरी नवा पुडा फोडला,
मी हुंगलं आणि म्हटलं, शिळा दिसतोय.

सुलभा हसली.
मी काचेतून आत बघत राहिलो,
अंधारात काही दिसत नव्हतं तरी.

अर्ध्या तासानं काढली.
वरून फिकट, बुडाला बदामी.
बोटानं दाबून पाहिलं, जुनी खोड.
सुलभानं एक तोडलं, चावलं,
खिळा काही ठोकता येणार नाही, म्हणाली.
हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा शेरा.

गॅसवर चहा ठेवला.
निहारनं नाकवालं उचललं,
किती वेळ बुडवायचं?
दोन मोज, म्हटलं, आणि लगेच बाहेर.
तो तीनपर्यंत गेला.
नाक बुडालं. आवाज झाला नाही.
चमच्यानं काढून खाल्लं त्यानं, गाळासकट.

निघताना चारुतानं दादासाठी चार बाजूला काढली.
मी डबा शोधायला लागलो, झाकण सापडेना.
राहू दे, म्हणाली,
आणि कालच्या पेपरचं पान फाडलं.